उजवा कौल

चोऱ्या-मारामाऱ्यांचे बरेच गुन्हे निवृत्तीनंतर विसरून गेलो, पण ती एक घटना काही केल्या विसरता येत नाही. कारण तीत एक चूक माझीही होती.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत असताना साठी उलटलेले एक गृहस्थ मुलाला घेऊन आत आले. मुलगा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. वडिलांना काचबिंदू. ऑपरेशन लवकर केलं नाही तर उरलीसुरली नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. साठवलेले पैसे कमी पडत होते, म्हणून ते वाढवायला शेअरच्या अ‍ॅपमध्ये घातले आणि आदल्याच दिवशी ते अ‍ॅप बंद पडलं.

"हेच अ‍ॅप कसं निवडलंत?" मी विचारलं.

"गाववाल्यानं दोन नावं दिलान," वडील म्हणाले. "आमी देवाला कौल लावला. देवानं उजवी दिलान."

कौल म्हणजे मूर्तीला दोन्ही बाजूंना एकेका पर्यायाची पाकळी चिकटवायची आणि जी आधी पडेल तो देवाचा होकार समजायचा. मी मोठ्याने हसलो. "मग आता देवालाच आरोपी करू का?" हवालदारही हसले. वडिलांनी मुलाचा हात धरला आणि दोघे तक्रार न देताच निघून गेले. मी थांबवलं नाही.

आठ दिवसांनी त्याच देवळाचा गुरव आला. "साहेब, तीन घरांनी कौल लावला, पन नावं तीच दोन. मना काय बरा वाटत नाय."

तेव्हा मी चपापलो. हवालदाराला त्या बापलेकांच्या घरी पाठवून वडिलांची फिर्याद घेतली. नावं देणारा त्याच वाडीतला, मुंबईची नोकरी सुटून परतलेला. त्याला ठाण्यात आणलं, तर "मीपन फसलोय" हे त्याचं पालुपद दोन तास चाललं. फसलेला माणूस आधी पैशांचं विचारतो. हा सारखा आम्ही काढून घेतलेल्या स्वतःच्या मोबाइलचं विचारत होता. तेवढ्यात बँकेचा तपशील आला. दोन्ही अ‍ॅपचे पैसे एकाच खात्यात, आणि खातं याच्या मेव्हण्याचं.

"मग दोन अ‍ॅप कशाला?"

तो खाली बघत म्हणाला, "एकच नाव दिला असता तर देव नको म्हनाला असता, साहेब. दोन दिली की कुठला तरी एक पडतोच."

मुलाने आधी स्वतः एक नोंदणीकृत अ‍ॅप शोधलं होतं, हे जबाबात कळलं. त्या अ‍ॅपने पॅन आणि बँकेचे कागद मागितले, पडताळणीला दोन दिवस सांगितले. घरच्यांना त्याचाच संशय आला. गाववाल्याचं दहा मिनिटांत सुरू झालं. तिसरं नाव देवापुढे गेलंच नाही.

पैसे तोवर पुढच्या खात्यांतून पसार झाले होते. "पहिल्याच दिवशी कळवलं असतंत तर रक्कम गोठवता आली असती," बँकेचा अधिकारी म्हणाला. मला मान वर करवेना. ऑपरेशन लांबलं ते लांबलंच.

पुढे ठाण्यात आलेल्या माणसाने कितीही खुळचट कारण सांगितलं, तरी मी आधी तक्रार लिहून घेतली आणि मग बोललो. पण ज्यांच्यामुळे हे शिकलो, ते वडील काही महिन्यांनी पुराव्यासाठी जप्त केलेला आपला मोबाइल परत न्यायला आले, तेव्हा पावतीवर सही कुठे करायची हे मला त्यांचा हात धरून दाखवावं लागलं.