तक्रार फक्त इंग्रजीत

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांचं. आई-वडिलांचं नाव आधी घ्यायला हवं, हे मला कळतं. पण आई लोकांच्या वावरात निंदायला जायची, वडील जिनिंगवर कापसाच्या गठाणी उचलायचे, आणि पदवी म्हणजे काय हे त्या दोघांनाही माझ्याकडूनच कळलं. मला ते सरांकडून कळलं.

आमचं गाव वडनेरच्या पुढे. सर शाळेच्या मागेच राहायचे आणि आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायचे. त्यांच्या वर्गात एक नियम होता. कोणाची तक्रार करायची तर ती इंग्रजीतच. मराठीतली तक्रार ते ऐकूनच घ्यायचे नाहीत.

"सर, यानं मले ढकललं!" मी ओरडायचो.

"इंग्लिश," सर मान वर न करता म्हणायचे.

"सर, ही... ही..." मग ज्यानं ढकललं त्यालाच मी हळूच विचारायचो, "अबे, ढकलण्याले काय म्हणतात बे?"

"पुश," तो इमानदारीनं सांगायचा.

"सर, ही पुश मी."

"पुश्ड. कुठी ढकललं, काऊन ढकललं, पुरं सांग."

"जाऊ द्या सर."

वर्ग हसायचा, ढकलणारा सगळ्यात जोरात. हसू ओसरलं की सर म्हणायचे, "गेला ना राग? शब्द हुडकता हुडकता माणूस थंडा होते. मोठा झाल्यावरही राग आला की पहिले मनात इंग्रजीत म्हणून पाहाजा. मंग बोलजा."

मी हे मनापासून पाळलं. बुलढाण्याला कॉलेजात गेलो तेव्हा होस्टेलवरची मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करायची. मी मनात एक इंग्रजी वाक्य जुळवायचो, ते जुळेपर्यंत हात उचलायची इच्छा निघून जायची. वडील दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टरांशी इंग्रजीतच बोललो. वडील वाचणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी औषधांविषयी पुढचा प्रश्न नीट विचारला. रडू आलं ते आईला मराठीत सांगताना.

पुढे बी.एड.ला याबद्दल थोडं वाचायला मिळालं. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही जाग्या असतात. एक बोलायची तर दुसरी दाबून धरावी लागते, आणि त्या सवयीनं मन एकूणच आवरायला शिकतं, असं काही अभ्यासक मानतात. काहींना ते पटत नाही. परकी भाषा भावनेपासून थोडी लांब असते, म्हणून तिच्यात माणूस थंडपणे निर्णय घेतो, असंही वाचलं. मला वाटलं, आमच्या सरांना हे पुस्तकाशिवाय कळलं होतं. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

शिक्षण संपलं तोवर सर मुख्याध्यापक झाले होते. शाळेला जोडून अकरावी-बारावीचे वर्ग निघाले होते, विनाअनुदानित. म्हणजे सरकारकडून अनुदान येईपर्यंत शिक्षकांनी बिनपगारी शिकवायचं. सर स्वतः आमच्या घरी आले, ओसरीत बसले, आईच्या हातचा चहा घेतला.

"ताई, पोरगं माह्यं आहे," ते आईला म्हणाले. "अनुदान आलं की नोकरीची पहिली ऑर्डर याची. माहा शब्द आहे."

"तुमी म्हणता म्हंजे झालंच सर," आई म्हणाली.

दिवसा मी त्या वर्गांना इंग्रजी शिकवायचो, संध्याकाळी शिकवण्या घेऊन घर चालवायचो. बरीच वर्षं गेली. लग्नाच्या गोष्टी आल्या आणि गेल्या. मुलीकडचे विचारायचे, ऑर्डर आहे काय? आई रोज तेच विचारायची, फक्त प्रेमानं.

मागच्या वर्षी अनुदान मंजूर झालं. शिक्षकांच्या नावांचा प्रस्ताव गेला, मान्यताही आली. सरांनी मला कार्यालयात बोलावलं. शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. त्यांच्या टेबलासमोर उभं राहिलो की मला अजूनही विद्यार्थ्यासारखं वाटायचं.

"द मॅनेजमेंट हॅज टेकन अ डिसिजन," सर म्हणाले.

एवढ्या वर्षांत वर्गाबाहेर ते माझ्याशी कधी इंग्रजीत बोलले नव्हते. पुढचंही त्यांनी इंग्रजीतच सांगितलं, सावकाश, एकेक शब्द नीट. इंग्रजीच्या जागेवर त्यांच्या भाच्याचं नाव गेलं होतं. तो पहिल्या वर्षापासून शिकवतोय असं कागदावर दाखवलं होतं; प्रत्यक्षात तो एक दिवसही वर्गावर आला नव्हता. शेवटी म्हणाले, "नथिंग पर्सनल."

आणि मी? माझ्या डोक्यात जुन्या सवयीनं वाक्य जुळू लागलं. जुळलं, आणि तोंडून बाहेरही पडलं. "आय अंडरस्टँड, सर. थँक यू."

मी त्यांचे आभार मानले. चहा आला, तोही प्यालो.

एसटीच्या थांब्यावर गावातला एक जुना वर्गमित्र भेटला. "काऊन बे मास्तर, तोंड काऊन उतरलं? पोट्ट्याईनं पेपर कोरे देले काय?" त्याच्या वऱ्हाडीनं एकदम बांध फुटला. दाबून धरलेलं सगळं वर आलं. त्याला मी पुढे जायला सांगितलं. बस येऊन गेली तरी मी तिथंच बसून राहिलो.

तिथं बसल्या बसल्या मला कळलं की कार्यालयातली ती इंग्रजी माझा राग आवरायला नव्हती, सरांना स्वतःची लाज आवरायला होती. 'तुह्या जागी भाच्याले घेतलं' हे त्यांना माझ्या तोंडाकडे पाहून म्हणता आलंच नसतं. मला वाटायचं, त्यांनी मला स्वतःवर ताबा ठेवायला शिकवलं. त्याच ताब्याच्या भरवशावर त्यांनी मला समोर उभं केलं होतं. हा पोरगा ओरडणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा ते आभाराचं पत्र झालं. मग लिहिलं ते असं:

सर, नमस्कार.

हे पत्र आपल्या बोलीत लिहून राह्यलो. इंग्रजीत लिहिलं तर मले रागच येत नाई.

तुमी माह्या जागी भाच्याले घेतलं. मले लय राग आला, अजून हाय. दुसऱ्या कोनं केलं असतं तर शिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज करून मोकळा झालो असतो. तुमच्यावर अर्ज कराले हात उचलत नाई, अन् याचाही राग येते.

सोमवारपासून मी येनार नाई. बारावीचा पत्रलेखनाचा भाग राह्यला हाय, तो भाच्याले घ्याले सांगजा.

एक काम मात्र तुमालेच करा लागन. मायले मी काहीच सांगतलं नाई. ते रोज विचारते, ऑर्डर आली काय म्हणून. शब्द तुमी तिले देला होता. तर घरी येऊन तिले तुमीच सांगा. तिले इंग्रजी समजत नाई.

सांजच्याले येजा. दिवसा ते वावरात असते.

तुमचा विद्यार्थी