तांबेऱ्याचं पान

ओदिलियाबाईंना मेलितोन पहिल्यांदा दिसला तो शाळेच्या दारात. लेकीचं, निदियाचं, नाव घालायला आला होता. बूट बाहेर काढून अनवाणीच आत आला. ओढ्यावर हात घासूनही कॉफी तोडून काळी पडलेली बोटं तशीच होती. कागदाला डाग लागू नये म्हणून तो दोन बोटांत पेन धरून सही करत होता.

त्याच्या उतारावरची झाडं पणजोबांच्या काळची. नवी वस्ती करणाऱ्यांना गावानं तेव्हा रोपं फुकट दिली होती. पुढे डोंगरापलीकडे कॉफीवर तांबेरा रोग आला. शेती खात्याचं पत्रक आलं: रोगट पानाला हात लावू नका, त्यावरच्या पुडीनं रोग पसरतो. पण मुलांनी रोग ओळखायला हवा, म्हणून बाईंनी पलीकडच्या बहिणीच्या मळ्यातून एक पान कागदात गुंडाळून आणलं. पानामागची नारिंगी पूड तीस हातांतून फिरली. चित्र पूर्ण करायला निदिया पान वहीत घालून घरी घेऊन गेली.

गावात तांबेरा पहिल्यांदा दिसला तो मेलितोनच्या मळ्यात. पणजोबांची झाडं त्याला जाळावी लागली.

"पलीकडे रोजंदारीला गेला आणि बुटाला लावून आणला," दुकानात लोक म्हणायचे. "आता बूट पण जाळ म्हणावं."

बाई साखर घेत तिथंच उभ्या असायच्या. एकदाही बोलल्या नाहीत.

निवृत्तीनंतर त्या त्याच्या ओसरीवर गेल्या. तो कोयत्याला धार लावत होता.

"मेलितोन, तो रोग तुमच्या बुटांनी नाही आला. मी आणला."

"माहीत आहे, बाई. निदियाच्या वहीत पान सापडलं होतं. चित्र मात्र झकास काढलं होतं तिनं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमची बदली झाली असती. तुमच्या आधीचे तिघं मास्तर एका पावसाळ्यात पळाले होते. पोर पाचवीत होती माझी." त्यानं पातं अंगठ्यावर पाहिलं. "पण वाटायचं, एखाद्या दिवशी दुकानात तुम्हीच तोंड उघडाल."

बाई उठल्या आणि तशाच दुकानात गेल्या. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. टोमणे मारणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता वारले होते. गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "कुठला मेलितोन? टोमॅटोवाला?"

मेलितोन आता ब्याऐंशीचा आहे. उतारावर टोमॅटो लावतो आणि घरात लागणारी कॉफी दुकानातून, पाकिटातली आणतो.