तीन नंबरचा व्हॉल्व्ह

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज पेणच्या घरी ती अ‍ॅसिडने मोरी धूत होती. त्या वासासरशी मी वीस वर्षांमागच्या, रोह्याजवळच्या धाटावच्या केमिकल कंपनीत जाऊन उभा राहिलो.

शिफ्ट सोडताना पुढच्या माणसाला प्लांटची खबर तोंडी द्यायची, ही आमची रीत. त्या दुपारी पुढचा होता अष्टमी गावचा दामू. माझं प्रमोशन हुकल्यावरून त्याने आदल्या दिवशी सगळ्या कँटीनला हसवलं होतं. तो राग माझ्या पोटात अजून धुमसत होता.

"काय रं, नव्या नवरीसारखा रुसलास व्हय?" दामू म्हणाला. "लाइन ठीक हाय ना?"

तीन नंबरचा अ‍ॅसिडचा व्हॉल्व्ह गळत होता. मी तोंड न उघडता डबा उचलला आणि बस गाठली. तासाभरात त्याचा डावा डोळा गेला.

चौकशीत मी म्हणालो, "सांगितलं होतं." डोळ्यावर पट्टी बांधलेला दामू हळूच म्हणाला, "सांगितलं असंल. माझंच ध्यान नसंल."

रोह्याच्या पुलावर भेटला की आजही तोच आधी हाक मारतो.

दामू, मी सांगितलं नव्हतं. हे तुझ्यासमोर बसून बोलणं मी अजून देणं लागतो.