वैजयंताबाईंनी लढाया बंद केल्या

दाखला देण्यात येतो की, श्रीमती वैजयंता उत्तम धोत्रे, वय वर्षे बेचाळीस, राहणार तिसरा मजला, नवघर रोड, भाईंदर पूर्व, या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सन १९८८ पासून सभासद असून मुंबईतील एका न्यायालयाच्या नक्कल विभागात तुलना लिपिक या पदावर कार्यरत आहेत. त्यांची वर्तणूक चांगली असून स्वभाव शांत, समंजस व क्षमाशील आहे. त्यांचे कोणाशीही वैर नाही. सबब हा दाखला त्यांच्या विनंतीवरून दिला असे.

हा दाखला जुलै १९९८ मधला. त्यांची मुलगी साक्षी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला निघाली तेव्हा तिच्या वसतिगृहाला आईची वर्तणूक जाणून घ्यायची होती. सोसायटीच्या सेक्रेटरींची सही खरी आहे, शिक्काही खरा आहे. मजकूर त्यांनी तळमजल्यावरच्या दुसऱ्याच एका बाईंच्या दाखल्यावरून उतरवला होता.

तुलना लिपिक म्हणजे काय हे सांगायला हवं. निकालपत्राची नक्कल कोणी मागितली की एक जण ती टाइप करतो आणि दुसरा ती मूळ कागदाशी ताडून पाहतो. हा दुसरा म्हणजे तुलना लिपिक. एकोणीस वर्षं वैजयंताबाई डावीकडे मूळ आणि उजवीकडे नक्कल ठेवून एवढंच बघत आल्या होत्या, की काय बदललं आणि काय बदललं नाही. त्यांच्या हातून एक स्वल्पविरामही निसटल्याची नोंद नाही.

साक्षी गेली आणि तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. दिवाळीत तो दुरुस्त करायला आलेल्या माणसाने एक सीडी भेट दिली, तिच्यात जुन्या जपानी गेमांच्या साडेतीनशे नकला होत्या. नकला म्हटल्यावर बाईंनी त्या क्रमाने तपासायला घेतल्या. जानेवारीत एकशे बाराव्या गेमपाशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

त्यात चार वीर होते आणि एक बुडालेलं राज्य. वीरांना घेऊन नकाशावर चालायचं. चालता चालता, समोर चिटपाखरू नसताना, पडदा एकदम थरथरायचा आणि चार-पाच राक्षस वाट अडवून उभे राहायचे. त्यांना मारायचं, अनुभवाचे गुण घ्यायचे, दहा-बारा पावलं टाकायची, की पुन्हा राक्षस. पुरेसे गुण साठले की वीर एक पातळी वर चढायचा. काम केलं की बढती. नोकरीत बाईंनी हे कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सव्वासातला घरी येऊन कुकरची तिसरी शिटी होईपर्यंत त्या रोज लढायच्या. साडेपाच महिन्यांत त्यांचे चौघे अडतिसाव्या पातळीला पोचले आणि शेवटच्या गढीच्या दारात उभे राहिले.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचा धाकटा दीर जितेंद्र राहायला आला होता. मीरा रोडला त्याने घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळायचा होता, त्यामुळे दोन महिन्यांसाठी. जितेंद्र पाण्याचे फिल्टर विकायचा आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हणायचा. जूनमधल्या एका रविवारी बाई भाजी घेऊन परत आल्या, तर तो कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसला होता.

“वहिनी, तुमचा तो गेम मीपण चालू केलाय हां. मस्त आहे.”

“माझे चौघं कुठायत भाऊजी?”

“कोण चौघं?”

“गढीच्या दारात उभे होते.”

“अच्छा ते! सेव्ह करताना त्यानं काहीतरी विचारलं, मी येस दाबलं. जागा एकच आहे ना त्यात.” मग त्याने वळून पाहिलं. “अहो वहिनी, चेहरा काय असा? गेम आहे तो, तुमचं सर्व्हिस बुक नाही.”

वैजयंताबाईंचे यजमान उत्तमराव पेपरमागून म्हणाले, “पुन्हा खेळ की. तुला काय, वेळच वेळ.”

एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या नकला तपासणाऱ्या बाईंनी स्वतःच्या फाइलची नक्कल ठेवलेली नव्हती. हा दोष त्यांनी मनातल्या मनात मान्य केला. तेवढाच. मग आत जाऊन त्यांनी पोळ्या केल्या आणि तव्यावरची पहिली जितेंद्रला वाढली.

त्या जेवणातच जितेंद्रने जाहीर केलं की ऑगस्टअखेर ताबा मिळतोय, आणि गेम संपवल्याशिवाय तो या घरातून हलणार नाही. शेवटी म्हणे जिंकणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत येतं, राज्याचा तारणहार म्हणून. “कॅमेऱ्यात एक रोल भरून ठेवतो दादा. फोटो पाहिजे त्याचा.” त्याच्या मुख्य वीराचं नाव त्याने जितू ठेवलं होतं.

त्या पडद्यावर जितू हे नाव येता कामा नये, हे बाईंनी आमटी वाढता वाढता ठरवलं. फाइल पुसून टाकणं सोपं होतं. पण पुसलं की माणूस चिडतो आणि नव्याने सुरुवात करतो. त्यांना तो अडकलेला हवा होता.

रस्ता जितेंद्रनेच दाखवला. दहा दिवसांत तो लढायांना कंटाळला.

“दर दहा पावलांवर भांडण! गेम आहे का आपल्या सोसायटीची मीटिंग? वहिनी, याला कोड असतो. टाकला की राक्षस येतच नाहीत, सरळ चालत सुटायचं. तुमच्या कोर्टात कुणाला माहितीये का बघा ना.”

“कोर्टात नसेल,” बाई म्हणाल्या. “मी शोधते.”

“तुम्ही?”

“बघू या की.”

त्यांना एक गोष्ट तिथल्या तिथे दिसली होती. राक्षस आले नाहीत तर लढाई नाही, लढाई नाही तर गुण नाहीत, आणि गुण नाहीत तर पातळी चढणार नाही. जितेंद्रला ती दिसली नाही. पडद्यावर मजकूर आला की तो न वाचता एंटर दाबायचा.

गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक शोधायची खिडकी होती. गेमच्या पोटात एक लाख एकतीस हजार बहात्तर कप्पे, प्रत्येकात एक आकडा. बाईंचा तर्क असा होता, की कुठल्या तरी कप्प्यात पावलं मोजली जात असणार, आणि ती संपली की राक्षस येत असणार. एक पाऊल टाकायचं आणि जे आकडे कमी झाले तेवढेच ठेवायचे. मग स्तब्ध उभं राहायचं आणि जे बदलले ते गाळायचे. काय बदललं, काय बदललं नाही. हे काम शिकवायला त्यांना कोणी लागलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी चार कप्पे उरले. पहिल्यातला आकडा बदलू न देता गोठवला तर संगीत बंद पडलं. दुसरा गोठवला तर वीर पाण्यावरून चालू लागले. तिसऱ्यात काहीच झालं नाही. चौथ्यात त्यांनी चाळीस लिहून आकडा पक्का केला आणि ज्या जंगलात दर सहा पावलांवर लांडगे येत, त्या जंगलाला तीन फेऱ्या मारल्या. एकही लांडगा आला नाही. कप्प्याचा क्रमांक आणि चाळीस, हाच कोड. बाईंनी तो पाठकोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवला, मुळाशी ताडला आणि दिराच्या हातात दिला.

“वहिनी, मानलं! तुम्ही इथे कुठे कारकुनी करताय?”

“तुमचं काम झालं ना, मग झालं.”

जुलैभर जितेंद्र नकाशावरून फिरायला निघाल्यासारखा चालला. वाटेत दोन मोठे राक्षस ठरलेल्या जागी होते, त्यांना कोड लागू नव्हता. पण त्यांना वळसा घालता यायचा; कसा, ते बाईंना पाठ होतं आणि त्यांनी ते आनंदाने सांगितलं. कुठल्या विहिरीत किल्ली, कुठल्या भिंतीमागे रस्ता, सगळं सांगितलं. उत्तमराव शेजाऱ्यांना कौतुकाने म्हणाले, “दीर-भावजयीचं एवढं गूळपीठ आजकाल कुठे बघायला मिळतं!”

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी जितेंद्र गढीच्या दारात पोचला. वीर सातव्या पातळीवर होते. दारात एक म्हातारी होती. आत गेल्यावर परतीचं दार नाही, आपलं बळ पाहून पाऊल टाका, असं ती प्रत्येकाला सांगते. जितेंद्रने एंटर दाबलं. बाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या.

“काय म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“म्हातारी.”

“म्हाताऱ्यांचं काय वहिनी, बोलतच असतात.”

गढीचं दार मागे बंद झालं. बाईंनी कप टेबलावर ठेवला.

“सेव्ह करून घ्या भाऊजी. लाइटचा भरवसा नाही.”

त्याने सेव्ह केलं. पडद्याने विचारलं, त्याने येस दाबलं.

गढीचा मालक एका फटक्यात दोनशे ऐंशीचं नुकसान करायचा. जितेंद्रच्या चौघांचा जीव मिळून दोनशे दहा होता. पहिल्यांदा तो हसला. चौथ्यांदा त्याने कीबोर्ड आपटला. नवव्यांदा त्याने कोड काढून टाकला, आतच लढून वर चढू म्हणून. तर जिन्यातल्या पहिल्याच वटवाघळाने चौघांना आडवं केलं.

“वहिनी, बाहेर कसं जायचं हो?”

“जाता येत नाही.”

“मग?”

“मग काही नाही.”

आणखी दोन दिवस तो त्याच जिन्यात मरत राहिला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. “अजून एक कोड शोधा ना. मरायचंच नाही असा. तो मिळाला तर एका दिवसात संपवतो बघा.”

“शोधतेय ना भाऊजी. एक लाख एकतीस हजार बहात्तर कप्पे आहेत. घाई केली की चूक होते.”

तो रोज विचारायचा. बाई रोज संध्याकाळी अर्धा तास कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि मान हलवून उठायच्या. एकोणतीस ऑगस्टला टेंपो आला. जितेंद्रचं कपाट गेलं, पलंग गेला, नमुन्याचे तीन फिल्टर गेले. कॅमेऱ्यातला रोल कोराच होता. खाली टेंपोत बसता बसता त्याने वर बघून हाक मारली, “वहिनी, सापडला की फोन करा हां!”

“करते,” गॅलरीतून वैजयंताबाई म्हणाल्या.

न मरण्याचा कोड त्यांना पहिल्याच संध्याकाळी सापडला होता, लढायांच्या कोडाच्या दोन दिवस आधी.