मागच्या वजनाचा माणूस

चिंचवड स्टेशनजवळच्या एका फिटरनं मला फसवलं. चारदा वाजवून आणि भाव पाडून घेतल्याशिवाय साधं मडकं गाडीत न ठेवणाऱ्या मला.

लष्कराच्या लिलावात घेतलेली माझी पिकअप चाकणच्या बाजाराला मडकी नेताना इतकी उसळायची, की निम्म्या मालाची खापरं व्हायची. म्हणून नवे शॉकअप बसवायला त्याच्याकडे गेलो. गृहस्थ म्हणजे ज्वारीचं भरलेलं पोतं, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बोलणार. स्वस्त जोडी लावून त्यानं मला चक्कर मारायला पाठवलं आणि स्वतः खालीच थांबला. कासारवाडीपर्यंत माझे दात वाजत होते. मग त्यानं महाग जोडी लावली आणि "आवाज ऐकतो, आवाज ऐकतो," म्हणत मागं चढून बसला. गाडी पालखीसारखी गेली. मी महाग जोडी घेतली.

पहिल्याच बाजाराला पुन्हा खापरं. मी तणतणत त्याच्या दारात गेलो.

"शेठ, जोडी झकास हाय, झकास हाय. मागं वजन पायजे," असं म्हणून तो पुन्हा गाडीत चढला.

तेव्हापासून दर बाजाराला तो मडक्यांशेजारी बसून फुकट चाकणला येतो आणि बहिणीकडे जेवून परततो. एकही मडकं फुटत नाही, हेच मला जास्त डाचतं.

आता श्रावण लागलाय आणि तो एकभुक्त राहतोय. परवा त्याची विजार सैल दिसली. तो वाळला तर माझी मडकी कोण सांभाळणार? याचं उत्तर त्यानं द्यावं, नाहीतर दोन्ही वेळा जेवावं.