बिनखिळ्याचं कपाट

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात नोकरीला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव शाहूवाडी तालुक्यातलं, भाताची शेती. माझ्या पाठची बहीण सातवीनंतर शाळा सोडून म्हशींमागं गेली, म्हणून मी होस्टेलवर राहू शकलो. हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं. तिचं लग्न कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत ठरलं तेव्हा तिला द्यायचं कपाट मी स्वतः करीन, असं सांगून बसलो.

मालकांनी नुकतंच लोखंड कापणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आणलं होतं. त्याचे प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडं होतं. लोखंडात एवढं नेमकं काम होतं, तर लाकडात का होऊ नये? फळ्यांच्या टोकांना दात आणि खाचा कापायच्या आणि एकीचे दात दुसरीच्या खाचांत बसवायचे. खिळा नाही, स्क्रू नाही. कपाट सुटं करून न्यावं आणि तिथं जोडावं.

मी मालकांना विचारलं.

"लाकूड? ह्या मशीनवर? बाहेरची ऑर्डर घेतलीस काय रं?"

"ऑर्डर नाही, साहेब. बहिणीचं लग्न आहे."

"बहीण हाय का न्हाय बघाय लग्नाला येणार मी."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मशीन दिलं, पण स्वतः खुर्ची टाकून समोर बसले. हातात पेपर होता, पान मात्र उलटत नव्हतं. भुसा आत जाऊ नये म्हणून मी मशीनच्या उघड्या भागांवर कापड बांधलं होतं, तरी ते दर थोड्या वेळानं उठून बोट फिरवून बघत. पुढं ते खरंच लग्नाला आले, जेवले, आणि नवरीकडं बघून मला म्हणाले, "हाय की रं बहीण!" त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पहिलाच सांधा फसला. प्लायवूडवर जाडी एकोणीस मिलिमीटर छापली होती, तोच आकडा धरून मी खाचा काढल्या. जोडून बघतो तर सांधा डुगडुगतोय. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर ती अठराच्या जरा वर, तीही दोन टोकांना वेगवेगळी. दुकानदारानं फसवलं असं धरून मी तावातावानं गेलो. त्यानं आणखी तक्ते माझ्यापुढं टाकले आणि म्हणाला, "मोजा. छापील असतंय ते वाचायला, मोजायला न्हवं." सगळे तसेच निघाले. मग मी प्रत्येक फळी मोजून तिच्यापुरती खाच काढली, वर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी ढील दिली. ढील कमी पडली तर दात ठोकताना प्लायचे थर उचकटतात आणि जास्त झाली तर कपाट हलतं.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. मशीनचा फिरता कटर गोल असतो, त्यामुळं खाचेच्या आतल्या कोपऱ्यात गोलाई राहते आणि चौकोनी दात तिथं अडतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात कटर थोडा आत घालून बारीक भोक पाडलं. मग दात तळापर्यंत बसला. सांध्यांच्या कडेनं या भोकांच्या ओळी दिसायच्या. मला त्या आवडायच्या. लग्नाआधी गावी ओसरीवर बहिणीनं आणि मी ते कपाट जोडून, पुन्हा सुटं करून बघितलं. सांधे ठोकायची लाकडी मोगरी तिच्याच हातात जास्त शोभली.

लग्नानंतर बहिणीला पहिल्यांदा माहेरी आणायला मी गडमुडशिंगीला गेलो, तो टेंपोत फळ्या घालूनच. दारात तिच्या सासूबाई होत्या आणि सासऱ्यांचे थोरले भाऊ. घर या थोरल्यांच्या शब्दावर चालायचं. शेजारच्या दोघीतिघीही येऊन उभ्या राहिल्या.

"पावणं, कपाट मागनं येतंय व्हय?" थोरल्यांनी विचारलं.

"हेच कपाट, मामा."

"ह्या तर फळ्या हाईत की."

"शेजारच्या सुनंनं लोखंडी आणलंय. आरशाचं," सासूबाई कुणाकडंच न बघता म्हणाल्या.

थोरल्यांनी एक फळी मांडीवर घेतली आणि भोकांवरनं बोट फिरवलं. "ही कसली भोकं?"

"कटर गोल असतो ना, मामा, म्हणून कोपऱ्यात..."

"खिळं उपटल्याली भोकं हाईत ही. कुणाचं जुनं कपाट खोलून आणलंसा?"

"पालीश मारलं की कळतंय कुठं," शेजारीण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

मी समजावायला लागलो. गोल कटर, चौकोनी दात, अडणारा कोपरा. जितकं जास्त बोललो तितकी त्यांची नजर बारीक होत गेली. माणूस एवढं सांगतोय म्हणजे काहीतरी लपवतोयच. मलाही वाटायला लागलं, यांना लोखंडीच हवं होतं आणि आता निमित्त शोधतायत. पण खरी भीती वेगळीच होती. 'जुनं कपाट घेऊन आलेली सून' असं एकदा गावात झालं, की ते तिला जन्मभर ऐकावं लागणार. आणि तेही माझ्या हौसेपायी.

बहीण आतून सगळं ऐकत होती. डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामंजी, जोडून दावू?"

"आता ही सुतारकी करणार!" सासूबाई म्हणाल्या.

"करू दे. बघू तर," थोरले म्हणाले.

टेंपोतली मोगरी घेऊन ती खाली बसली. तळाची फळी, मग बाजूच्या, मग माथ्याची. एका कोपऱ्यावर टोला, मग दुसऱ्या, घाई नाही. कपाट उभं राहिलं. थोरल्यांनी ते दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं.

"हलंना," ते तक्रार केल्यासारखं म्हणाले. "काढ एक कोपरा. आत खिळा दडवलाय काय बघू."

तिनं आतून टोला देऊन सांधा मोकळा केला. खिळा नव्हता. थोरल्यांनी दात नखानं खरवडला आणि गुळाची ढेप हुंगावी तसा हुंगला.

"नवं हाय," ते म्हणाले. "जुन्या लाकडाला असा वास ऱ्हात न्हाय."

"नवं आसंल. पर खिळा न्हाय त्येला भरवसा काय? उद्या पोरं लोंबकळली म्हंजी?" सासूबाई म्हणाल्या.

हे मात्र थोरल्यांना पटलं. त्यांनी आतून हातोडी आणि खिळ्यांचा डबा मागवला. मी उठलोच. "मामा, खिळा नको. प्लाय फुटेल. हा सांधा नुसता..."

"दादा, गप की," बहीण हळूच म्हणाली.

तिनं सांधा पुन्हा ठोकून बसवला. थोरले दोन खिळे ओठांत धरून कपाटापुढं बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. "सूनबाई, कुठं मारू सांग."

ती कपाटाच्या मागं गेली, जिथं कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं. दाताच्या मधोमध मारा, मामंजी. कडंला मारला तर फुटंल."

त्यांनी खिळा टेकवला, पण जरा कडेलाच. सासूबाई वाकून बघत होत्या.

"मधोमध म्हणती न्हवं ती," त्या म्हणाल्या, "मग मधोमध मारा की, भावजी!"

थोरल्यांनी खिळा उचलला आणि बहिणीच्या बोटाशी आणून धरला.