सुखाचं पोट

पोटावर थाप मारून आप्पा म्हणायचे, "सुखाचं आहे हो हे!" हसताना ते पोटही त्यांच्याबरोबर हसायचं.

उमेळे गावातली आमची इमारत त्यांच्याच वाडीवर उभी राहिली. तळमजल्यावर ते आणि काकू राहत. आम्ही फ्लॅटवाले त्यांना आप्पा म्हणायचो. वाडीत केळी आणि पानवेली होत्या तेव्हा हा माणूस उजाडल्यापासून फावडं घेऊन पाटाच्या पाण्यामागे धावायचा, असं जुने लोक सांगत. मी पाहिले ते गॅलरीतल्या खुर्चीतले आप्पा. काम सुटलं, भूक मात्र वाडीतलीच राहिली. समोर फरसाणाची बशी, गोडमिट्ट चहा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रह.

दारूचा त्यांना मनापासून तिटकारा होता. थोरला भाऊ त्यापायीच गेला होता.

एका वर्षी फार थकवा येऊ लागला, म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली.

"लिव्हरवर चरबी आहे," डॉक्टर म्हणाले. "किती पिता?"

आप्पांचा चेहरा पडला. डॉक्टरांनी मग नीट समजावलं, की न पिणाऱ्यालाही हे होतं. चाला, गोड-तळलेलं सोडा, अजून सगळं सावरेल. आप्पांच्या कानात त्यातलं काही शिरलंच नाही. रिक्षात एवढंच म्हणाले, "मला विचारलं हो त्याने. मला!"

त्या दवाखान्याची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. मी विषय काढला की म्हणत, "लिव्हर म्हटलं की लोक एकच अर्थ घेतात. नको."

काही वर्षांनी डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी साठलं. तेव्हा कुठे आप्पा चालायला निघाले. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून गेटपर्यंत जायचे आणि तिथेच टेकायचे.

"आधीच निघायला हवं होतं, नाही?" त्यांनी एका सकाळी मला विचारलं. मी त्यांना हात देऊन उठवलं.

पावसाळा लागण्याआधीच ते गेले.

भेटायला आलेल्यांत दोघेजण दाराशी कुजबुजत होते. "लिव्हरच गेलं म्हणे. म्हणजे घेत असणार गुपचूप."

काकूंनी ते ऐकलं. त्या उठून आत गेल्या, तांब्या-भांडं घेऊन आल्या आणि त्या दोघांसमोर ठेवलं.

"पाणी घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात दुसरं काही कधी आलंच नाही."